राजा आणि धनी : हेब्रिडीजच्या गेलिक प्रार्थनांतील ख्रिस्ताचे राजपद

संस्कृतातील ‘राजन्’, लॅटिनमधील ‘रेक्स’ आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतील ‘री’ हे तिन्ही शब्द सगोत्र होत, हे तौलनिक व्याकरणाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच कळते. परंतु शब्दांचे गोत्र एक असले म्हणून त्यांचे संसारही एक असतात असे नाही. रोमच्या धर्मपीठाने ख्रिस्ताला ‘रेक्स’ म्हणावे आणि अटलांटिकच्या काठावरील एखाद्या बेटावर रात्रीचा विस्तव झाकणाऱ्या स्त्रीने त्यालाच ‘री’ म्हणावे, या दोन उच्चारांत केवळ ध्वनिपरिवर्तनाचे अंतर नाही. ते अंतर नेमके कशाचे आहे, याचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

ज्या बेटांविषयी मी लिहीत आहे ती दक्षिण यूइस्ट, एरिस्के व बॅरा ही बाह्य हेब्रिडीजमधील दक्षिणेकडील बेटे होत. 1560 साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता नाकारली आणि कालांतराने उत्तरेकडील ल्यूइस, हॅरिस व उत्तर यूइस्ट ही बेटे प्रेस्बिटेरियन झाली. दक्षिणेकडील बेटे मात्र, सतराव्या शतकात आयर्लंडमधून आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांमुळे, कॅथलिकच राहिली. मध्ये असलेल्या बेनबेक्युलावर दोन्ही पंथांचे लोक राहतात. वस्ती अगदी विरळ आहे. 2011 च्या जनगणनेत एरिस्केची लोकसंख्या अवघी 143 भरली. आपल्याकडील एखाद्या वाडीएवढी.

या बेटांवरील मौखिक प्रार्थनांचा सर्वांत मोठा संग्रह म्हणजे अलेक्झांडर कार्मायकल यांचा ‘कार्मिना गादेलिका’. कार्मायकल हे अबकारी खात्यातील अधिकारी होते. नोकरीच्या निमित्ताने ते यूइस्ट-बेनबेक्युलाच्या परिसरात अनेक वर्षे राहिले व लोकांच्या तोंडची गीते, मंत्र आणि आशीर्वचने त्यांनी टिपून घेतली. संग्रहाचे पहिले दोन खंड 1900 साली निघाले. उरलेले त्यांच्या पश्चात, 1940 ते 1971 या काळात. दूध काढणे, सूत विणणे, होडी लोटणे, बी पेरणे, विस्तव झाकणे अशा प्रत्येक कामाला येथे प्रार्थना आहे. रात्री निखारे राखेखाली पुरून सकाळी त्यांवरच चूल पेटवण्याची रीत आपल्या कोकणातही होती, तेव्हा मराठी वाचकाला यातील प्रसंग परके वाटण्याचे कारण नाही.

या संग्रहाचे दोन प्रकारचे वाचन आजवर झाले आहे आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. पहिले रम्यवादी. सूर्य, चंद्र, लाटा आणि तारे यांची नावे जागोजागी आढळतात म्हणून हा निसर्गपूजेचा अवशेष आहे, वर केवळ ख्रिस्ती नावांचा पातळ लेप आहे, असे ते सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘केल्टिक अध्यात्म’ या नावाखाली जी पुस्तके खपली त्यांतील बहुतेकांचा पाया हाच आहे. दुसरे वाचन पांथिक. छळातही निष्ठा न सोडलेल्या भाविक प्रजेचा हा पुरावा, एवढेच ते त्यात पाहते. पहिल्या वाचनात ख्रिस्त गळतो, दुसऱ्यात बेट गळते.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी संहितेविषयी एक शंका दूर करणे आवश्यक आहे. कार्मायकल यांनी मिळालेल्या पाठांवर बराच हात फिरवला, भाषा जुनी व उदात्त केली, असा आक्षेप हॅमिश रॉबर्टसन यांनी 1976 मध्ये साधार मांडला आणि जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी त्यास उत्तर दिले. त्या वादाचे सार असे की, एखाद्या गीताची अमुक ओळ अमुक व्यक्तीने तशीच म्हटली होती, असे या ग्रंथावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझा आधार ओळींवर नाही, संबोधनांवर आहे. ‘री नन् दूल’ म्हणजे महाभूतांचा राजा, ‘री न ग्रेन्य’ म्हणजे सूर्याचा राजा, त्याचप्रमाणे चंद्राचा राजा, ताऱ्यांचा राजा, कृपेचा राजा. ही घडण मध्ययुगीन आयरिश धर्मकाव्यातही सर्वत्र आढळते. ती कार्मायकल यांनी रचली असणे शक्य नाही. फार तर एखाद्या ठिकाणी त्यांनी ती आवडीने अधिक वापरली असेल.

आता या संबोधनांची रचना पाहावी. ‘राजा’ हे पद आणि त्याला जोडलेली षष्ठी. आपल्या वारकरी वाङ्मयात विठ्ठलाला ‘पंढरीचा राणा’ म्हटले आहे. तेथे षष्ठी स्थळाची आहे, राजा कोठे बसतो ते ती सांगते. गेलिक प्रार्थनांतील षष्ठी बहुधा स्थळाची नसते. ज्यांच्यावर बेटावरील माणसाचे जगणे अवलंबून आहे आणि ज्यांवर कोणाही माणसाची सत्ता चालत नाही, अशा वस्तूंची ती असते. समुद्र, वारा आणि ऊन ही ज्याची प्रजा, तो राजा. निसर्गपूजेचा सिद्धान्त येथे कोसळतो, कारण या रचनेत सूर्य पूज्य नसून प्रजाजन आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट या शब्दाच्या शेजाऱ्याकडे पाहिल्यावर दिसते. स्वामी या अर्थी गेलिकमध्ये ‘चीअर्न’ हा दुसरा शब्द आहे. प्रभू येशूला तो लावतात, आणि जमीनदारालाही लावतात. मराठीतील ‘धनी’ जसा शेताचाही असतो आणि संतांच्या तोंडी सकळांचाही असतो, तसेच हे. जमीनदाराला आणखी एक शब्द आहे, ‘उअख्दरन’. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘उअख्दर’ या शब्दाचा अर्थ वरचा भाग, पृष्ठ, आणि दुधावरची साय असाही होतो. व्युत्पत्तीने क्वचितच इतके नेमके समाजशास्त्र सांगितले असेल! मला जाणवते ते असे की, महाभूतांच्या षष्ठीने जी संबोधने या संग्रहात घडतात ती ‘री’च्या जोडीला जितकी सहज येतात तितकी ‘चीअर्न’च्या जोडीला येत नाहीत. ‘चीअर्न’ हा शब्द देवाला आणि जमीनदाराला वाटून घ्यावा लागत होता. ‘री’ जमीनदाराला कधीच मिळाला नाही.

या वाटणीचे मोल कळण्यासाठी बेटांचा इतिहास थोडासा आठवावा लागतो. ‘री इन्श गाल’, म्हणजे हेब्रिडीजचा राजा, असे ज्यांना गेलिकमध्ये म्हणत त्या मॅक्डोनल्ड कुळाचे स्वामित्व 1493 मध्ये स्कॉटलंडच्या राजाने जप्त केले. (लॅटिन दस्तऐवजांत तेच पद ‘दोमिनुस’, म्हणजे नुसता धनी, असे उतरले आहे, राजधानीच्या लेखणीला दूरच्या बेटावर दुसरा राजा मान्य नव्हता.) त्यानंतर राजा नेहमीच दूर, आणि धनी नेहमीच जवळ. 1770 च्या सुमारास दक्षिण यूइस्टमधील बॉइसडेलच्या जमीनदाराने कुळांना कॅथलिक धर्म सोडा नाहीतर जमीन सोडा असा पेच घातला. त्यातूनच 1772 चे कॅनडाकडील स्थलांतर घडले. 1838 नंतर ही बेटे क्लूनीच्या कर्नल जॉन गॉर्डन यांनी विकत घेतली आणि 1851 मध्ये दक्षिण यूइस्ट व बॅरा येथून दीड हजारांहून अधिक माणसे जबरदस्तीने जहाजांत भरून कॅनडाला पाठवली. ज्यांना नुसते हुसकावले त्यांपैकी अनेकांना एरिस्केच्या खडकाळ भूमीवर आसरा घ्यावा लागला. ज्या पिढ्यांकडून कार्मायकल यांनी या प्रार्थना ऐकल्या त्या या घटनांच्या साक्षीदार तरी होत्या किंवा साक्षीदारांची मुले तरी.

मधल्या काळात एकदा राजा खरोखरच आला होता, निदान राजपुत्र तरी. 23 जुलै 1745 रोजी चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने स्कॉटलंडच्या भूमीवर पहिले पाऊल ठेवले ते एरिस्केच्या वाळूवर, आणि तेथील एका मातब्बराने त्याला प्रथम सल्ला दिला तो घरी परत जाण्याचा. पुढल्या वर्षी पराभूत होऊन तो याच बेटांत लपला. तीस हजार पौंडांचे बक्षीस लागले असताना त्याला कोणी धरून दिले नाही. आलेला राजा लोकांना वाचवू शकला नाही, लोकांनी राजाला वाचवले. ज्या समाजाची राजाविषयीची ताजी स्मृती अशी आहे, त्याच्या प्रार्थनेतील ‘री’ सिंहासनावरचा असण्यापेक्षा दाराशी आलेला, होडीत बसवून घेण्याजोगा असला तर नवल नाही.

येथे रोमच्या ‘रेक्स’शी तुलना करावी. अकराव्या पायस पोपनी 11 डिसेंबर 1925 रोजी ‘क्वास प्रीमास’ हे परिपत्र काढून ख्रिस्तराजाचा सण स्थापिला. 1870 मध्ये धर्मपीठाने आपले राज्य गमावलेले होते, महायुद्धाने जुनी राजघराणी मोडली होती, आणि राष्ट्रांनी व शासनांनी ख्रिस्ताचे सार्वभौमत्व जाहीरपणे मान्य करावे असा त्या परिपत्राचा आग्रह होता. 1969 मध्ये सण ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारावरून उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी गेला आणि ‘विश्वाचा राजा’ हे नाव ठळक झाले. विश्वाचा राजा हे संबोधन गेलिकमध्ये शतकानुशतके होतेच. फरक असा की, ‘रेक्स’ला राष्ट्रांची मान्यता हवी आहे, ‘री’ला फक्त विस्तव विझू न देण्याचे काम दिलेले आहे.

यावर एक सडेतोड आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. सूर्यचंद्राचा राजा आपला आहे या समाधानात धन्याचा अन्याय सोसण्याची सवय तर लागली नाही ना? 1851 मध्ये जहाजावर चढणाऱ्यांना या राजाने अडवले नाही, हे खरेच आहे. प्रार्थनांतून बंडाची भाषा शोधणे व्यर्थ होय. तसे करणाऱ्या समीक्षकाला स्वतःचाच आवाज ऐकू येईल. परंतु 1906 पासून बॅरा आणि मिंग्युले येथील भूमिहीन कॅथलिक कोळ्यांनी शेजारच्या व्हॅटरसे बेटावर घुसून बटाटे लावले व झोपड्या उभारल्या, तेव्हा त्यांनी पुढे केलेला आधार लक्षात घ्यावा. एका दिवसात छप्पर घालून ज्याने चुलीवर विस्तव पेटवला त्याची ती जागा, असा जुना रिवाज ते सांगत. सरकारी न्यायालयाला हा कायदा ठाऊक नव्हता. 1908 मध्ये दहाजण एडिंबरोच्या तुरुंगात गेले आणि 1909 मध्ये सरकारी मंडळाने ते बेट लोकांसाठी विकत घेतले. प्रार्थनेमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की, ज्या विस्तवाची राखण रोज रात्री राजाकडे सोपवली जात असे, तोच विस्तव येथे धन्याविरुद्ध साक्षीला उभा केला गेला. मालकीचा अखेरचा शब्द ‘चीअर्न’कडे नाही ही समजूत दोन्हीकडे समान आहे.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचे दुसरे टोक घरीच सापडते. 1616 मध्ये मुद्रित झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आणि ख्रिस्ताचे राज्य मराठीच्या चालत्या शब्दांत बसवले. साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांवर तेव्हा परकीय राजाची सत्ता होती, आणि ख्रिस्तही त्याच राजाच्या गलबतांतून आलेला. हेब्रिडीजमध्ये जी दोन पदे वेगळी राहू शकली ती साष्टीत एकमेकांत मिसळण्याचा धोका होता. स्टीफन्सच्या शब्दनिवडीकडे या दृष्टीने अद्याप पुरेसे पाहिले गेलेले नाही, असे माझे मत आहे.

1955 मध्ये दक्षिण यूइस्टवर क्षेपणास्त्रांचे चाचणीक्षेत्र उभारण्याचे जाहीर झाले, तेव्हा फादर जॉन मॉरिसन यांनी विरोधाचे नेतृत्व केले. 1957 मध्ये रूअव्हल टेकडीच्या उतारावर ह्यू लॉरिमर यांनी घडवलेली मरियेची सुमारे तीस फूट उंचीची पाषाणमूर्ती उभी राहिली. तिच्या खांद्याशी बाळ ख्रिस्त आहे. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, हात आशीर्वादासाठी उंचावलेला आहे. चाचणीक्षेत्र झालेच, पण मूर्तीही राहिली. पुढे 30 नोव्हेंबर 2006 रोजी दक्षिण यूइस्टची सुमारे 93,000 एकरांची जहागीर ‘स्टोरस इव्हिस्त’ या रहिवाशांच्याच संस्थेने विकत घेतली. आता बेटांवर ‘चीअर्न’ हा शब्द माणसांपैकी कोणाला लावावा, हा प्रश्न तेथील वक्त्यांपुढे असेल.

कार्मायकल यांच्या मूळ टाचणवह्या एडिंबरो विद्यापीठात आहेत आणि त्यांतील पुष्कळसा भाग आता अभ्यासकांस खुला झाला आहे. ‘री’ व ‘चीअर्न’ या दोन शब्दांचे प्रत्येक स्थळ वहीतील पाठाशी ताडून पाहिल्यास येथे मांडलेली वाटणी लोकांची किती आणि संपादकाची किती, हे ठरवता येईल. तसे करताना वरील विवेचन काही ठिकाणी बदलावे लागले तर प्रस्तुत लेखकाला त्याचे वैषम्य वाटणार नाही.