एरर, मिस्टेक की लबाडी? एका गाजलेल्या टीकेतले तीन शब्द

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एका जुन्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला दिलं होतं. त्यातल्या एका तक्त्याची बेरीज जुळत नव्हती. मी मोठ्या उत्साहात इंग्रजीत लिहून टाकलं की संशोधकाने आकडे 'मॅनिप्युलेट' केले आहेत. मॅडमनी त्या एका शब्दाभोवती लाल गोल केला आणि विचारलं, "हे तुला कुठून कळलं?"

"मॅडम, बेरीज चुकलीय ना."

"मग बेरीज चुकली एवढंच लिही. त्याच्या मनात काय होतं ते तक्त्यात दिसत नाही."

तेव्हा राग आला होता. पण तो लाल गोल मला पुढे फार उपयोगी पडला. म्हणून आज, दुसऱ्याची चूक दाखवताना इंग्रजीतला कोणता शब्द कधी वापरायचा, याबद्दल लिहितोय.

आपण बोलताना सगळं 'बाय मिस्टेक' या एका शब्दात भागवतो. चहा सांडला तरी बाय मिस्टेक, दुसऱ्याची वही नेली तरी बाय मिस्टेक. संशोधनाच्या इंग्रजीत मात्र असं चालत नाही, कारण तिथे प्रत्येक शब्द एक वेगळा दावा करत असतो.

'एरर' घ्या. याचं लॅटिन मूळ भटकणे या अर्थाचं आहे. आपणही 'वाट चुकणे' म्हणतोच. एरर म्हणजे बरोबर जागेपासून पडलेलं अंतर. त्याला दोषी माणूस लागत नाही. संख्याशास्त्रातली 'स्टँडर्ड एरर' कोणीच केलेली नसते, ती नमुना निवडण्यातच असते. 'मिस्टेक'ला माणूस लागतो, कोणीतरी काहीतरी चुकीचं समजलेलं असतं. 'फॉल्ट' म्हटलं की जबाबदारी आली. 'नेग्लिजन्स' म्हटलं की घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, म्हणजे हलगर्जी झाली. आणि 'मिसकंडक्ट' हा तर जवळजवळ कायद्याचा शब्द आहे. अमेरिकेच्या सरकारी नियमांत संशोधनातला मिसकंडक्ट म्हणजे तीनच गोष्टी: आकडे रचणं, आकडे फिरवणं आणि वाङ्मयचौर्य. त्यातही ते जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलेलं असावं लागतं. प्रामाणिक चूक आणि मतभेद त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या १९९० च्या 'ह्युमन एरर' या पुस्तकातली विभागणीही कामाची आहे. बेत बरोबर होता पण हात घसरला, तर 'स्लिप'. करायचं ते विसरलं, तर 'लॅप्स'. सगळं ठरल्याप्रमाणे केलं पण बेतच चुकीचा होता, तर 'मिस्टेक'. आणि नियम ठाऊक असून मोडला, तर 'व्हायोलेशन'.

आता ही मापं घेऊन एक खरं प्रकरण तपासू.

२०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा 'ग्रोथ इन अ टाइम ऑफ डेट' हा निबंध आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर घसरतो, असं त्यात म्हटलं होतं. २० प्रगत देशांच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आकड्यांत, या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का निघाला होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा निबंध भरपूर वापरला.

थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने वर्गातल्या गृहपाठासाठी हेच गणित पुन्हा करून पाहिलं. जुळेना. त्याने मूळ लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. (हे लक्षात ठेवा, फाइल दिली.) मग २०१३ मध्ये हर्नडनने मायकेल अॅश आणि रॉबर्ट पोलिन या प्राध्यापकांबरोबर टीका प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबाने तोच विकासदर अधिक २.२ टक्के होता.

त्यांनी तीन आक्षेप घेतले आणि तिघांना तीन वेगळी नावं दिली. माझ्या मते या टीकेचं मोठेपण इथेच आहे, आणि तिची एक उणीवही इथेच आहे.

पहिलं नाव 'कोडिंग एरर'. एक्सेलच्या सूत्रात शेवटच्या काही ओळी आल्याच नाहीत, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क सरासरीतून गळाले. रीझनच्या भाषेत ही शुद्ध स्लिप. नाव अगदी चपखल आहे. दोन्ही बाजूंनी ते मान्य केलं.

दुसरं नाव 'अनकन्व्हेन्शनल वेटिंग', म्हणजे रूढ नसलेली वजनं. ब्रिटन १९ वर्षं या गटात होता, सरासरी विकासदर २.४ टक्के. न्यूझीलंडचं एकच वर्ष धरलं होतं, १९५१, विकासदर उणे ७.६. दोघांना सरासरीत वजन मात्र सारखंच. टीकाकार इथे 'राँग' म्हणाले असते तर ते हरले असते, कारण देशागणिक सारखं वजन देण्यालाही युक्तिवाद आहे: ज्याचं कर्ज फार वर्षं टिकलं, त्या एकाच देशाने सरासरी ओढू नये. 'अनकन्व्हेन्शनल' हा शब्द आरोप करत नाही, पण सूट पण देत नाही. तो म्हणतो, तुम्ही वेगळी वाट धरलीत, आता कारण सांगा.

तिसरं नाव 'सिलेक्टिव्ह एक्सक्लूजन', म्हणजे आकडे निवडून वगळणं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडची युद्धानंतरची सुरुवातीची काही वर्षं गणितात नव्हती. न्यूझीलंडची ती चार वर्षं धरली, तर त्याची सरासरी उणे ७.६ वरून अधिक २.६ च्या आसपास जाते. केवढा फरक! पण शब्दाकडे बघा. 'सिलेक्टिव्ह' म्हटलं की वाचणाऱ्याला हेतू ऐकू येतो: हवं ते ठेवलं, नको ते काढलं. फाइलमध्ये काय वगळलंय ते दिसतं, का वगळलंय ते दिसत नाही. मॅडमचा लाल गोल मी इथे काढला असता. राइनहार्ट आणि रोगॉफ नेमके याच शब्दावर चिडले. ते आकडे तेव्हा तपासून झालेले नव्हते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी एक्सेलची चूक कबूल केली आणि हा आरोप ठामपणे नाकारला.

टीकाकारांनी 'अनएक्सप्लेन्ड' लिहिलं असतं तर? वगळलं, आणि कारण सांगितलं नाही. हे निबंधातूनच सिद्ध होतं, आणि ते नाकारायला जागाच उरत नाही. सौम्य शब्द इथे जास्त भक्कम ठरला असता.

आता उलट बाजू. बातम्यांमध्ये हे प्रकरण 'एक्सेल एरर' म्हणूनच गाजलं. गंमत अशी की टीकाकारांच्याच हिशेबाने एक्सेलच्या चुकीचा परिणाम फक्त ०.३ टक्के बिंदूंचा होता. बाकीचा मोठा फरक वगळलेली वर्षं आणि वजनं यांनी मिळून पडला होता. पण 'एरर' हा शब्द सोपा, हसण्याजोगा आणि कोणालाच फार न दुखावणारा. त्याने बाकीचे दोन आक्षेप गिळून टाकले. ज्या गोष्टी घसरलेल्या हाताच्या नव्हत्या, ठरवून घेतलेल्या निर्णयाच्या होत्या, त्यांवर चर्चा व्हायला हवी होती. ती तज्ज्ञांमध्ये झाली, बाहेर सगळे एक्सेलला हसत बसले.

म्हणजे शब्द दोन्हीकडून फसवतो. मोठा घेतला तर सिद्ध करता येत नाही. छोटा घेतला तर खरा दोष निसटतो.

तुम्ही साहित्याचा आढावा लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. आधी कृती लिहा: कोणती ओळ, कोणतं वर्ष, कोणतं वजन. मग परिणाम लिहा, आकड्यात. नाव सगळ्यात शेवटी द्या, आणि देताना स्वतःला विचारा, या शब्दाला लागणारा पुरावा माझ्याकडे आहे का? हेतू सांगणारा शब्द असेल तर हेतूचा पुरावा हवा. तो नसेल तर शब्द बदला, आक्षेप सोडू नका.

आणि हो, कोणी तुमची फाइल मागितली तर द्या. आपल्या बेरजाही कधीतरी कोणीतरी पुन्हा करून बघणारच आहे. तेव्हा त्याने आपल्यासाठी कोणता शब्द वापरावा असं वाटतं, तोच न्याय आज दुसऱ्याला लावा.

त्या जुन्या प्रबंधाचं काय झालं? मी तक्ता पुन्हा नीट पाहिला. एका ओळीत दोन अंकांची अदलाबदल झाली होती, बस्स. स्लिप.