सारखे आकडे, वेगळे प्रश्न

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयीचे दोन आकडे सहज शेजारी शेजारी ठेवता येतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१६ साली लिसा रोटेनस्टाइन व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २७.२ टक्के विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणे असल्याचे मांडले. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाच्या २०२४ मधील अहवालात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी २७.८ टक्के हा आकडा आहे. एकाने दुसऱ्याला पुष्टी दिली, असे वाटणे साहजिक आहे. आमच्या मते ते चूक आहे.

पहिला आकडा बहुतांशी प्रश्नावल्यांवरून आला. एक प्रचलित प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचे काय झाले, यासाठी प्रत्येकी ० ते ३ गुण. २७ पैकी १० झाले की विद्यार्थ्याची पुढील तपासणी करावी. ही चाळणी आहे, निदान नव्हे. परीक्षेच्या आठवड्यात झोप कुणाची शाबूत असते? साधन बदलले की उत्तरही बदलते: त्याच लेखात ते ९.३ पासून ५५.९ टक्क्यांपर्यंत गेले आहे. दुसरा आकडा मात्र 'माझ्या मानसिक आजाराचे निदान झाले आहे' असे स्वतः सांगणाऱ्यांचा. तीही ऑनलाइन पाहणी. ज्याला काही सांगायचे असते तोच अशी पाने आवर्जून भरतो.

अहवालातील मोलाची जागा पुढेच आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत निदान झालेले १५.३ टक्केच, पण आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणारे सुमारे ३१ टक्के. एमबीबीएसमध्ये हेच प्रमाण सुमारे १६ आहे. तेव्हा निदान कमी म्हणजे आजार कमी, असे म्हणता येत नाही. मनोविकार विभागात जावे तर तिथे आपलेच सहकारी बसलेले. त्यात औषधांची माहिती हाताशी. रोटेनस्टाइन यांच्या लेखातही लक्षणे आढळलेल्यांपैकी जेमतेम १५.७ टक्क्यांनी उपचार घेतले होते.

म्हणूनच 'मनावर परिणाम करणारी औषधे घेता का?' एवढेच विचारणारी पाहणी आम्हाला फारशा उपयोगाची वाटत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली फ्लुओक्सेटिन घेणारी विद्यार्थिनी, मित्राकडून अल्प्राझोलाम मागून झोपणारा निवासी डॉक्टर आणि जागण्यासाठी मिथाइलफेनिडेट घेणारा, तिघेही एकाच रकान्यात पडतात. पहिलीचा उपचार चालू आहे, दुसऱ्याला गोळीची सवय लागू शकते, तिसऱ्याची उरलीसुरली झोप उडते. मग आकडा वाढला तर समाधान मानायचे की काळजी करायची?

कृती दलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आहे. एक सुटी धरली तर रोजचे बारा तासांहून अधिक, आणि ही झाली मर्यादा! पुढच्या पाहणीत निदान दोन प्रश्न हवेत: गोळी कुणी लिहून दिली, आणि आदल्या रात्री किती तास झोप मिळाली.