तुकारामांच्या करुणापर अभंगांतील प्रतीक्षा

तुकारामांच्या करुणापर अभंगांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक गृहीत सहसा तपासले जात नाही. ते असे की, देवाने दर्शन द्यावे म्हणून केलेली आळवणी ही साधकावस्थेतील एक पायरी होय. ती पुढे साक्षात्काराने ओलांडली जाते. आणि म्हणून तिच्यातील आर्ततेचा अर्थ तिच्या शेवटावरून लावावयाचा. पदव्युत्तर वर्गातील निबंधांपासून कीर्तनाच्या उत्तररंगापर्यंत हीच रीत दिसते. या वाचनाने त्या अभंगांतील आशेचाच घात होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उत्तर येणारच हे ज्याला आधी ठाऊक आहे तो वाट पाहत नसतो, नुसता वेळ काढीत असतो.

हे गृहीत कोठून आले हे पाहणे कठीण नाही. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून देहूस नदीकाठी केलेले तेरा दिवसांचे निर्वाण ही कथा महिपतींच्या ग्रंथांनी घरोघर पोहोचविली. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ मधील, तर ‘भक्तलीलामृत’ १७७४ मधील; म्हणजे तुकारामांच्या निर्याणानंतर शतकाहून अधिक काळाने ते झाले. तेरा दिवसांचा उल्लेख मात्र त्याहून जुना आहे. तुकारामांना गुरू मानणाऱ्या समकालीन बहिणाबाईंच्या अभंगांतही तो येतो. तेव्हा परंपरा निराधार आहे असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे ते इतकेच की, चरित्रकाराला चौदावा दिवस माहीत असतो आणि अभंग मात्र चौथ्या किंवा नवव्या दिवशी म्हटलेला असू शकतो.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील इंग्रजी ग्रंथात या अभंगांचा स्वतंत्र विचार केला आणि स्पेनमधील सोळाव्या शतकातील संत योहान यांची ‘आत्म्याची काळरात्र’ ही संज्ञा तुकारामांना लावली. या एका संज्ञेने केवढा लाभ झाला हे मान्य केलेच पाहिजे. तोपर्यंत ज्यांच्याकडे भक्ताची लाडिक तक्रार म्हणून पाहिले जाई, ते अभंग गंभीर आध्यात्मिक अनुभवाचे लेख ठरले. परंतु रात्र म्हटली की पहाट ओघानेच आली. रानड्यांनी अभंग लावले ते अनुभवाच्या विकासक्रमाने: प्रथम तळमळ, मग निराशेचा तळ, मग दर्शन. हा क्रम तत्त्वज्ञाचा आहे, गाथ्याचा नव्हे. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत सिद्ध केलेली गाथा घ्या, किंवा तिच्या आधारे १९५० साली निघालेली सरकारी आवृत्ती घ्या. साडेचार हजारांवर अभंगांत रचनेचा काळ सांगणारी व्यवस्था कोठेही नाही. काही गट विषयावरून पडले आहेत, एवढेच. कृतार्थतेच्या अभंगाशेजारी रित्या हाताचा अभंग उभा असतो. आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी?

हिब्रू स्तोत्रांशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक उघडा होतो. तेथील बहुतेक विलापस्तोत्रे मध्येच वळण घेतात आणि स्तुतीने संपतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच थांबते, आणि ते अपवाद म्हणून गणले जाते. तुकारामांच्या बाबतीत असे न वळणारे अभंग इतके आहेत की त्यांना अपवाद म्हणता येत नाही.

आता भेटीची आस सांगणारा तो सर्वपरिचित अभंग पाहू. श्रीनिवास खळे यांच्या चालीत लता मंगेशकरांनी तो गायिल्यापासून गाथा न उघडणाऱ्यांनाही तो पाठ आहे. कोथरूडसारख्या उपनगरात सकाळी ज्या घरांतून तो ऐकू येतो, त्या घरांतील मंडळी आषाढाच्या तोंडी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मुक्कामी तुकोबांच्या पालखीचे दर्शनही घेऊन येतात. त्यांच्यापुरती प्रतीक्षेची तिथी पंचांगात छापलेली असते. (यात उपहास नाही, नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली तेव्हापासून हा सोहळा तिथीनेच चालत आला आहे.) चालीच्या माधुर्यामुळे या अभंगाची बांधणी मात्र कानाआड होते. त्यात प्रतीक्षेच्या तीन प्रतिमा आहेत आणि त्यांचा क्रम फार नेमका आहे. पहिली चकोराची. पौर्णिमेचा चंद्र उगवणार यात संशय नाही, निसर्गनियमच तो. दुसरी सासुरवाशिणीची. दिवाळी ठरल्या दिवशी येते, पण माहेरचे मूळ येईलच असे नाही. ते आईबापांच्या आठवणीवर, ऐपतीवर आणि वाटेच्या बऱ्यावाईटावर अवलंबून असते. तिसरी भुकेल्या तान्ह्याची. त्याला तिथी नाही, रूढी नाही, आई कोठे गेली हेही कळत नाही. त्याच्याजवळ रडण्याखेरीज काही नाही. निश्चिती अशी पायरीपायरीने कमी होत जाते आणि तिच्याबरोबर उपमेचे अंतरही गळून पडते. चकोराशी मनाची तुलना उघड आहे. सासुरवाशीण पाहता पाहता पंढरीचीच वाट पाहू लागते. शेवटी कवी बाळासारखा भुकेला असल्याचे सांगत नाही. भूक आपलीच म्हणून सांगतो आणि देवाला धावत येण्यास फर्मावतो. आशा वाढते आहे ती आधार कमी होत असताना. ज्यांना येथे केवळ वात्सल्याचा गोडवा दिसतो त्यांनी हा अभंग वाचला नाही, ऐकला आहे.

परंतु प्रतीक्षेचे खरे स्वरूप ज्यात प्रकट होते, तो पंढरीनाथास धाडलेल्या पत्राचा अभंगसमूह अभ्यासकांनी त्या मानाने दुर्लक्षित ठेवला आहे. वारीला जाणे झाले नाही म्हणून तुकारामांनी वारकऱ्यांच्या हाती विठ्ठलाला पत्र दिले, अशी परंपरा आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली, त्या वाण्याला जिन्नस, हुंडी आणि जाब यांचा व्यवहार पुरता ठाऊक होता. उत्तर न येणे म्हणजे काय हेही ठाऊक होते. म्हणून या पत्रात नुसती विनवणी नाही. आपले डोळे पंढरी का पाहत नाहीत, पाय ती वाट का चालत नाहीत, असे तो विचारतो, आणि झटपट उत्तर मागतो. मुंगीच्या घरी कोणी आमंत्रण घेऊन जात नाही, गूळ दिसताच ती धावते, असेही तो स्वतःला बजावतो. पण मूळ धाडण्याची मागणी काही मागे घेत नाही. या विसंगतीत दोष काढू नये. पत्र लिहिणारा माणूस असाच असतो.

देहू ते पंढरपूर पायी जाऊन परत यावयाचे म्हणजे आठवड्यांचे काम. तेवढा काळ आशेला निव्वळ भावनेच्या बळावर तग धरता येत नाही. तिला काहीतरी रूप लागते. ज्ञानदेवांच्या नावे असलेल्या विरहिणीत ते रूप शकुनाचे आहे: कावळा ओरडतो आणि ती त्यातून आगमनाची वार्ता काढते. तुकारामांनी शकुन पाहिला नाही, माणसे धाडली. त्यामुळे त्यांची प्रतीक्षा एकट्याची राहत नाही. ती निरोप नेणाऱ्यांच्या पायांवर चालत असते. वारकरी परततात तेव्हाचा अभंग या दृष्टीने असामान्य आहे. उत्तरासाठी आसुसलेला हा मनुष्य आधी नमस्कार करतो, सर्वांचे क्षेम पुसतो, मुलेबाळे कशी आहेत हे विचारतो, येण्याजाण्याच्या श्रमांची दखल घेतो. आणि अगदी शेवटी, जणू ओशाळून, आपल्यावर काही कृपा आहे का एवढेच विचारतो. प्रश्न शेवटास ठेवण्यात शिष्टाचार आहे, पण भीतीही आहे. उत्तर ‘नाही’ असू शकते हे त्याला कळते.

यावर आक्षेप येईल की, संतांच्या हाती निरोप आल्याचे सांगणारा अभंगही गाथ्यात आहे. मग प्रतीक्षा संपलीच की! तो अभंग अवश्य पाहावा. निरोप आला आहे, आपले सुखदुःख तिकडे ऐकले गेले आहे, न्यावयास कोणी येईल अशी चिन्हे आहेत. एवढे झाल्यावर तुकाराम काय करतात? त्याच वाटेकडे चित्त लावून रोज माहेरची वाट पाहतात.