लिनक्सचा फोन आणि लेव्हिनचं ग्रंथालय

१११ हा नंबर लावून बघता येत नाही. न्यूझीलंडमध्ये पोलीस, अग्निशमन आणि अ‍ॅम्ब्युलन्स या तिन्हींसाठी हा एकच नंबर आहे, आणि "लागतो का बघू" म्हणून तो फिरवणं म्हणजे खरोखरच्या अडचणीतल्या कुणाची तरी लाइन अडवणं. नोव्हेंबरमध्ये आई सहा महिन्यांसाठी पामर्स्टन नॉर्थला आली, तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट जाणवलं. मी दिवसभर लॅबमध्ये, आई घरी एकटी, वय एकाहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. तिच्याजवळ इथलं सिम घातलेला फोन हवा. माझ्याकडे एक जादा फोन होता, पाइनफोन, ज्याच्यावर अँड्रॉइड नाही की अ‍ॅपल नाही, सरळ लिनक्स चालतं. मी तो मोठ्या कौतुकाने तिच्या हातात ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "अगं, काही झालं तर यावरून फोन लागेल ना?"

मी "हो" म्हणाले नाही. आणि जर्मनीतल्या पीएचडीच्या दिवसांपासून ज्या गोष्टीची मी मित्रमंडळींत वकिली करत आले, तिच्याबद्दल मला "हो" का म्हणता आलं नाही, याचा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

आधी एक खुलासा. अँड्रॉइडच्या गाभ्यातही लिनक्सच असतं, मग "लिनक्सचा फोन" हे वेगळं काय प्रकरण? फरक मालकीचा आहे. अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने त्या एका चिपसाठी कापून-शिवून दिलेलं असतं. कंपनीने हात काढून घेतला की दोन-चार वर्षांत ते शिळं होतं आणि धडधाकट फोन कचऱ्यात जातो. यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये पोस्टमार्केटओएस नावाचा प्रकल्प सुरू झाला. फोन दहा वर्षं वापरता यावा, हे त्यांचं ध्येय. त्याच वर्षी कॅनॉनिकलने उबुंटू टच सोडून दिलं आणि यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ते उचललं. त्याच वर्षी प्युरिझमने लिब्रेम ५ साठी लोकांकडून आगाऊ पैसे घेतले. पाइन६४ या कंपनीचा पाइनफोन २०२० च्या सुरुवातीला पहिल्या ग्राहकांच्या हातात पडला, १४९ डॉलरला.

वस्तू म्हणून पाइनफोन मला आजही आवडतो. मागचं झाकण नखाने निघतं. बॅटरी सॅमसंगच्या जुन्या जे७ च्या मापाची, त्यामुळे कुठेही मिळते. झाकणाखाली सहा बारीक बटणांची रांग आहे. मोडेम, वायफाय, माइक आणि दोन्ही कॅमेरे त्यांनी खरोखर, म्हणजे वीजच तोडून बंद करता येतात. "मायक्रोफोन बंद आहे, विश्वास ठेवा" असं इथे कुणी सांगत नाही, तुम्ही स्वतः बटण खाली केलेलं असतं. संथ आहे, कॅमेरा सुमार आहे, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही. झोपलेला फोन कॉल आल्यावर जागा होऊन वाजेपर्यंत पलीकडचा माणूस कधीकधी ठेवूनही देतो. पण या तक्रारी सगळ्यांनी करून झाल्या आहेत, आणि १४९ डॉलरच्या वस्तूकडून सगळंच मागू नये. माझा आक्षेप वेगळा आहे.

न्यूझीलंडमध्ये स्पार्क, वन एनझेड आणि टूडिग्रीज या तीन मोबाइल कंपन्या आहेत. तिघींनी थ्रीजी बंद करायचं ठरवलं. तारखा पुढे ढकलत ढकलत २०२५ ची अखेर ते २०२६ ची सुरुवात इथवर आल्या. तुमचा फोन नंतर चालेल का, हे कळायला ५५० या नंबरवर फुकट मेसेज करायची सोयही केली. आता तुम्ही म्हणाल, पाइनफोन तर फोरजी आहे, त्याला काय फरक पडतो? मलाही तसंच वाटलं होतं. इथल्या खेडोपाडी जी ७०० मेगाहर्ट्झची फोरजी लहर पोचते, तीही या फोनचा मोडेम पकडतो. इंटरनेट झकास चालतं. पण फोरजीच्या जाळ्यात आवाजासाठी वेगळी वाट नाही. जुन्या जाळ्यांत तुमच्या बोलण्यासाठी एक मार्ग राखून ठेवला जायचा. फोरजीत बोलणंही डेटाच्या पुड्यांतूनच जातं, आणि त्या सोयीचं नाव व्होल्टे. फोरजी असून व्होल्टे जमत नसेल, तर फोन कॉल येताच गुपचूप थ्रीजीवर उतरतो. थ्रीजीच नसेल तर उतरणार कुठे?

व्होल्टेचं मानक जाहीर आहे, पण प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी. त्यामुळे मोडेमच्या आत कंपनीनिहाय सेटिंगच्या फायली भरलेल्या असतात. मोठे फोन उत्पादक प्रत्येक देशातल्या ऑपरेटरबरोबर बसून त्या तपासून घेतात. पन्नास लाख वस्तीच्या देशात, मूठभर लोकांच्या हातातल्या फोनसाठी हे कोण करणार? मी मोडेमला हाताने आज्ञा देऊन "सर्वसाधारण" म्हणून असलेली फाइल निवडली. कॉल लागला! माझा आवाज पलीकडे गेला, पलीकडचा मला आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. तीन रविवार मी यात घालवले, आणि खरं सांगायचं तर मजाही आली. पण मजा मला आली. फोन आईसाठी होता.

गंमत म्हणजे या मोडेमच्या पोटात आणखी एक लिनक्स आहे. क्वेक्टेलच्या ईजी२५-जी या मोडेममध्ये स्वतःचा एक छोटा प्रोसेसर आहे आणि त्यावर कंपनीने लिनक्सच बसवलेलं आहे. हौशी मंडळींनी तो भाग उघडून, त्याची खुली आवृत्ती लिहून मोकळी केली. थक्क करणारं काम आहे ते. पण त्याच्याही आत रेडिओ चालवणारा भाग बंदच राहिला. खुल्या फोनचं समर्थन करणारे (मीही त्यांतलीच) यावर ठरलेलं उत्तर देतात: मोडेम हा परका डबा समजा, त्याला मुख्य मेमरीपासून लांब ठेवा, बटणाने बंद करता आला म्हणजे झालं. पाळतीच्या भीतीवर हे चोख उत्तर आहे. पण त्याचा दुसरा अर्थ बघा. फोनमधला जो भाग फोन आहे, तोच स्वातंत्र्याच्या व्याख्येतून वगळला. उरला तो खिशातला कॉम्प्युटर. तो छानच आहे, पण आईने कॉम्प्युटर मागितला नव्हता.

शेजारच्या ऑस्ट्रेलियात हे कुठवर जातं ते दिसलं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर टेलस्ट्रा आणि ऑप्टस यांनी थ्रीजी बंद केलं. तेव्हाच नियम आला, की ज्या फोनवरून आपत्कालीन कॉल लागणार नाही त्याला कंपनीने सेवाच देऊ नये. हेतू चांगला, जीव वाचावेत हाच. परिणाम असा, की कोणता फोन जाळ्यावर येणार ते ऑपरेटरकडच्या मॉडेलच्या यादीवर ठरू लागलं. परदेशातून आणलेले, व्होल्टे येत असलेले काही फोनही त्यात अडकले. सोर्स कोड तुमच्या हातात असून या यादीत नाव घालता येत नाही. इथे न्यूझीलंडमध्ये कॉमर्स कमिशनने १११ साठी एक संहिता केली आहे, पण ती घरच्या लँडलाइनपुरती: वीज गेली आणि फायबरवरचा फोन बंद पडला, तर ज्यांना खरी गरज आहे अशा ग्राहकांना कंपनीने पर्याय द्यायचा. मोबाइलवर १११ लागेल की नाही हे खरा कॉल न करता तपासायचा एखादा नंबर असता, तर माझे तीन रविवार वाचले असते.

हे सगळं आईला समजावायच्या भानगडीत मी पडले नाही. तिला मी सांगितलं, "याला जिओसारखं जमत नाही." ते तिला लगेच कळलं, कारण कराडला तिच्याकडे जिओफोन होता. दीड हजार अनामत भरून घेतलेला, बटणांचा. २०१६ मध्ये आलेल्या जिओला टूजी-थ्रीजी नव्हतंच, आवाज पहिल्या दिवसापासून व्होल्टेवर. आणि २०१७ च्या त्या जिओफोनमध्ये काय चालायचं? कायओएस. म्हणजे मोझिलाने अर्धवट सोडलेल्या ओपन सोर्स फायरफॉक्स ओएसची पुढची पिढी, खाली लिनक्सचाच गाभा. महाराष्ट्रातल्या गावागावांत लिनक्सचा फोन पोचला होता, फक्त त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नव्हतं. कोड खुल्या घराण्यातला, कॉल उत्तम लागणारा, आणि मालकी पूर्ण जिओची. माझ्या पाइनफोनचं बरोबर उलटं: मालकी माझी, कॉलचं बघू.

मग खुलं सॉफ्टवेअर आणि चालणारी सेवा यांचं जमतच नाही का? जमतं, आणि त्याचा पुरावा माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. पामर्स्टन नॉर्थहून वेलिंग्टनला जाताना लेव्हिन लागतं. १९९९ मध्ये तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणकप्रणाली वायटूकेमध्ये बंद पडणार होती. नवी विकत घ्यायची तर परवडणारी नव्हती, आणि शाखांपर्यंतच्या साध्या फोनलाइनींना झेपणारीही नव्हती. ग्रंथालय प्रमुख रोझली ब्लेक यांनी वेलिंग्टनच्या कॅटिपो या छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली. क्रिस कॉरमॅक हे तिच्या मूळ प्रोग्रामरांपैकी. जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली, आणि मग ट्रस्टने ती जगाला खुली करून टाकली. तिचं नाव कोहा. पुण्यात एम.एस्सी. करताना कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक शोधायला मी कोहाच वापरत होते. ते या गावचं आहे हे कळायला मला इथे यावं लागलं.

कोहा हा माओरी शब्द. त्याचं भाषांतर सहसा "भेट" असं करतात, पण मला आपला "आहेर" जास्त जवळचा वाटतो. आहेर फुकट नसतो. वहीत नोंद होते, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण काय न्यायचं हे त्या वहीवरून ठरतं. कोहा टिकली ती नुसती खुली होती म्हणून नाही. ज्याला गरज होती त्या ग्रंथालयाने पैसे मोजून ती करवून घेतली, जवळच्या माणसांनी ती सांभाळली, आणि पुढे ज्या ग्रंथालयाला काही नवं हवं होतं त्याने ते पैसे देऊन लिहून घेतलं आणि सगळ्यांच्या वहीत घातलं. शिवाय कोहाला कुणाच्या यादीत नाव घालून घ्यावं लागलं नाही. ग्रंथसूचीचे नमुने जाहीर आहेत, ब्राउझर कुठेही आहे.

पाइन६४ ने असा आहेर सुरुवातीला केला होता. २०२० मध्ये प्रत्येक खास आवृत्तीच्या फोनमागे दहा डॉलर त्या त्या सॉफ्टवेअर प्रकल्पाला जायचे. पुढच्या वर्षी त्या आवृत्त्या थांबल्या, सगळ्या फोनवर एकच सॉफ्टवेअर येऊ लागलं, आणि बाकीच्या प्रकल्पांतल्या लोकांची धुसफूस सुरू झाली. २०२२ मध्ये काही वर्षं राबलेला एक महत्त्वाचा माणूस जाहीरपणे बाहेर पडला. मला त्याचं पटतं. पण माझ्या मते मोठी चूक आधीचीच. दहा डॉलर जायचे ते पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींकडे, म्हणजे मेनू, कीबोर्ड, रंगसंगतीकडे. ऑपरेटरच्या दारात जाऊन "आमचा फोन तपासा" म्हणायला कुणालाच नेमलं नव्हतं. त्या कामात हौस नाही, चिकाटी आणि वकिली लागते, आणि ते स्वयंसेवकाने रविवारी करण्यासारखं नाही. कोहाच्या मागे एक ग्रंथालय उभं होतं. या फोनच्या मागे एखादी सहकारी संस्था, ग्राहक संघटना, निदान एखादं विद्यापीठ उभं राहायला हवं होतं. तसं कुणी उभं राहिलं नाही, आणि आम्ही वापरणाऱ्यांनीही कुणाकडे मागणी केली नाही. आम्ही कीबोर्डवर वाद घालत बसलो.

आईला मी दुकानातून साधा फोरजी अँड्रॉइड आणून दिला. त्यावर ती कराडच्या मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते. पाइनफोनचं मोडेमचं बटण मी खाली केलं आहे. आता तो स्वयंपाकघरात वायफायवर पॉडकास्ट ऐकवतो, आणि मोडेम बंद असल्यामुळे बॅटरीही बरी टिकते.

भारतात तुमच्यापैकी कुणी हा फोन, किंवा पोस्टमार्केटओएस घातलेला दुसरा कुठलाही, जिओच्या सिमवर चालवून पाहिला असेल तर जरूर कळवा. आवाज दोन्हीकडून येतो का, आणि रोज येतो का, एवढंच मला हवं आहे.