तुकडा, हिस्सा आणि भूखंड : जमीनविभागणीच्या नियमांची भाषा

जमिनीचे विभाजन हा विषय महसूल खात्याचा किंवा नगररचनाकाराचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु नियम म्हणजे अखेर शब्दांत बांधलेली आज्ञा होय. आणि एका नियमाचा दुसऱ्या नियमाशी मेळ घालणे हे प्रथमतः एका पाठाचा दुसऱ्या पाठाशी मेळ घालणे असते. महाराष्ट्रात जमीनविभागणीच्या नियमांचा हा मेळ गेली काही वर्षे घातला जात आहे. त्या प्रयत्नाचे भाषिक अंगाने परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. कोयना प्रकल्पाचे वीजगृह येथे भूगर्भात उभे राहिले आणि १९६२ पासून तेथून वीज वाहू लागली. प्रकल्पाच्या निमित्ताने आखणी करून वसवलेली वसाहत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांतून आपोआप वाढलेल्या वाड्या अशा दोन्ही तऱ्हांची वस्ती या एका गावात पाहावयास मिळते. ‘वसाहत’ आणि ‘वाडी’ या दोन शब्दांतील अंतर हेच आपल्या विषयाचे अंतर आहे.

१

एकाच कृतीला, म्हणजे एका जमिनीच्या दोन जमिनी करण्याला, आपल्या कायद्यांत निरनिराळी नावे आहेत. महसूल दप्तरात तिला पोटहिस्सा पाडणे म्हणतात. ‘हिस्सा’ हा अरबीतून आलेला शब्द हक्काचा वाचक आहे. ज्याला हिस्सा मिळतो तो त्या जमिनीचा मानकरी असतो. १९४७ च्या ज्या अधिनियमाला लोक ‘तुकडेबंदी कायदा’ म्हणतात, त्यात याच कृतीचे नाव तुकडा पाडणे असे आहे. ‘तुकडा’ हा देश्य शब्द हक्काचा वाचक नाही. तो मोडण्याचा, उणेपणाचा वाचक आहे. भाकरीचा तुकडा म्हणजे भाकरी नव्हे. तिसरे नाव नगररचनेच्या पाठातले. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली काढलेल्या नियमांत जमिनीची उपविभागणी होते, तिचा अभिन्यास मंजूर होतो, आणि त्यातून निघतो तो ‘भूखंड’.

आता ‘भूखंड’ या शब्दाची फोड करून पाहावी. भू म्हणजे जमीन आणि खंड म्हणजे तुकडा. शब्दार्थाने भूखंड म्हणजे जमिनीचा तुकडाच होय. तथापि एका कायद्याने तुकडा निषिद्ध ठरवला आहे आणि दुसऱ्याने भूखंडाला मंजुरीचा शिक्का दिला आहे. संस्कृत शब्दाला प्रतिष्ठा आणि देश्य शब्दाला दूषण ही आपल्या भाषाव्यवहाराची जुनी खोड येथे कायद्याच्या पोटात शिरलेली दिसते. दोन्ही कायद्यांचा हेतू भिन्न आहे, हे खरे. पहिल्याला शेत किफायतशीर राहावे अशी काळजी आहे, तर दुसऱ्याला घरापर्यंत रस्ता, पाणी व मोकळी जागा पोचावी अशी. परंतु ज्याला दोन गुंठे विकावयाचे आहेत किंवा घ्यावयाचे आहेत त्याच्यापुढे हा हेतुभेद येत नाही. त्याच्यापुढे दोन शब्द येतात, आणि त्या शब्दांवरून भेद उमगत नाही.

२

‘तुकडेबंदी’ हे लोकांनी घडवलेले संक्षिप्त नाव. मूळ अधिनियमाचे नाव ‘धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत’ असे लांबलचक आहे. त्यातील दोन कामांपैकी लोकांनी पहिलेच उचलले आणि दुसरे, एकत्रीकरणाचे, नावातून गळून पडले. यात लोकांचा दोष नाही. दोन ‘करण्याबाबत’ जोडून केलेले नाव जिभेवर टिकत नाही.

अधिक विचार करण्याजोगे आहे ते ‘बंदी’ हे उत्तरपद. फारसीतून आलेल्या या पदाचा मूळ अर्थ बांधणे, बसवणे असा आहे. संस्कृत ‘बन्ध्’ या धातूचे ते सगोत्र आहे. जमाबंदी म्हणजे साऱ्याची निश्चिती, हद्दबंदी म्हणजे सीमा आखून देणे, मोर्चेबंदी म्हणजे मोर्च्यांची रचना. पुढे मराठीत याच पदाला मनाईचा अर्थ चिकटला, जसे की दारूबंदी किंवा शस्त्रबंदी. तुकडेबंदी हा शब्द आपण या दुसऱ्या मालिकेत वाचतो. पण अधिनियमाची यंत्रणा पाहिली तर ती बरीचशी पहिल्या मालिकेतील आहे. प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवावे. त्याहून लहान जमिनीची ‘तुकडा’ म्हणून अधिकार अभिलेखात नोंद करावी. तो तुकडा हस्तांतरित व्हायचाच तर लगतच्या धारकाकडे जावा, म्हणजे कालांतराने मोठ्या जमिनीत मिळून जाईल. आणि नवा तुकडा निर्माण होऊ नये. ही योजना तुकड्यांची व्यवस्था लावण्याची आहे. केवळ ‘बंदी’ म्हणून ती ओळखली गेली तेव्हा तिच्यातील विधायक भाग दृष्टीआड झाला आणि उरला तो चुकवावयाचा निर्बंध.

व्याख्येतील एक बारकावा येथे नमूद केला पाहिजे. प्रमाणभूत क्षेत्राहून कमी क्षेत्र म्हणजे तुकडा असे सांगून अधिनियम लगेच एक परंतुक जोडतो : नदीच्या प्रवाहाने जमीन वाहून जाऊन क्षेत्र घटले असेल तर तिला तुकडा समजू नये. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे असे ठरले. आता एखाद्याच्या २२ गुंठे जिरायतीतील ४ गुंठे नदीने नेले तर उरलेले १८ गुंठे तुकडा नव्हेत. पण दोन भावांनी ३६ गुंठे निम्मे निम्मे वाटून घ्यायचे ठरवले तर तेच १८ गुंठे दोन तुकडे होतात. म्हणजे ‘तुकडा’ हे क्षेत्राचे वर्णन नसून कर्त्याचे वर्णन आहे. नदीने मोडले तर दोष नाही, माणसाने मोडले तर आहे. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती नाही, पण मग शब्द परिमाणाचा कशासाठी वापरला?

कोकणातील घरांना याची झळ विशेष लागते. वारसाने जमीन येते तेव्हा नावे चढतात. प्रत्यक्ष वाटप अडते. कायदा सांगतो की वाटपाने तुकडा होत असेल तर एकाने जमीन घ्यावी व दुसऱ्याला मोबदला द्यावा. मोबदला देण्याची ऐपत नसेल तर जमीन सामाईक राहते. तीन पिढ्यांनी सात-बारावर नावांची रांग लागते, निम्मी माणसे मुंबईस असतात, आणि बांधावरची वहिवाट व कागदावरची मालकी यांचा संबंध तुटतो. व्यवहारात पोटहिस्सा असतोच. त्याचे कागदावर नाव मात्र नसते.

३

कागदाने नाव नाकारले की लोक नाव घडवतात. ‘गुंठेवारी’ हा शब्द असाच घडला. गुंठा हे माप, एकराचा चाळिसावा भाग, सुमारे १०१ चौरस मीटर. कानडीत ‘गुंटे’ म्हणून तेच नांदते. ‘वारी’ हे उत्तरपद आणेवारी, पैसेवारी या शब्दांत आहे, तेथे ते अमुक एककाने केलेला हिशेब दर्शवते. गुंठेवारी म्हणजे गुंठ्याच्या हिशेबाने केलेली विक्री. शेतजमीन अभिन्यासाशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकली जाऊ लागली तेव्हा हिशेबाचा हा निरुपद्रवी शब्द एका बेकायदा प्रथेचे नाव झाला, आणि २००१ साली तर तो चक्क अधिनियमाच्या शीर्षकात जाऊन बसला. १ जानेवारी २००१ पूर्वीचा असा विकास नियमाधीन करण्याची सोय त्या अधिनियमाने केली; २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली. बोलीतील शब्द कायद्याने स्वीकारला याचा भाषाभ्यासकास आनंद व्हावा. परंतु हा स्वीकार नियमाच्या जागी झाला नाही, क्षमेच्या जागी झाला.

तुकडेबंदीच्या बाबतीतही तोच क्रम दिसतो. अधिनियमाविरुद्ध झालेले हस्तांतरण बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची वाट २०१७ साली उघडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. आणि २०२५ च्या अध्यादेशाने, निवासी, वाणिज्यिक इत्यादी वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रांपुरते, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील व्यवहार शुल्काविना नियमित करण्याचे ठरले. निषेधाची क्रियापदे तशीच राहिली आणि त्यांचे मोल मात्र शून्यावर आले. नियम मोडणारा व पाळणारा यांत शेवटी पाळणाराच खुळा ठरावा, असा अर्थ या पाठांच्या मालिकेतून निघतो. ज्याने वीस वर्षे थांबून कायद्याची वाट पाहिली त्याला सांगण्यासारखे तिच्यात काही नाही.

४

नगररचनेच्या बाजूस मेळ घालण्याची रीत निराळी झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात उपविभागणीचे नियम प्रत्येक शहराचे स्वतःचे असतात. राज्याचा कायदा बदलला की शहर आपला नियम दुरुस्त करते. २०२१ मध्ये तेथील विधिमंडळाने एका घराच्या भूखंडाचे दोन भूखंड करण्यास मुभा दिली, तेव्हा शहरांना आपापली कलमे नव्याने लिहावी लागली. त्या लेखनात वाद झाले, पळवाटाही निघाल्या. पण नियम स्थानिक भाषेत आणि स्थानिक सभेत पुन्हा एकदा वाचला गेला. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि बृहन्मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभरच्या महापालिका, नगरपालिका व प्रादेशिक योजनांच्या निरनिराळ्या नियमावल्यांची जागा तिने एकदम घेतली. चिपळूण शहर व रत्नागिरी-सिंधुदुर्ग प्रादेशिक योजनेतील पोफळीसारखे गाव एका पाठाखाली आले.

या एकीकरणाचा गुण मान्य केला पाहिजे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात दहा टक्के मोकळी जागा ठेवावी, पूररेषेच्या आत काय बांधावे व काय नाही, अशा गोष्टी गावोगाव बदलू नयेत हेच युक्त. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची जी दैना केली ती पाहिलेल्या माणसास नियम सैल असावेत असे वाटणार नाही. तुकडे पडले म्हणून पूर आला असे कोणी म्हणू नये. परंतु अभिन्यासाच्या नकाशावर नाला दाखवावा लागतो, गुंठ्याने विकलेल्या जमिनीचा असा नकाशाच कोणी पाहत नाही.

उणीव आहे ती अशी की, अभियंते व वास्तुविशारद ज्या पाठावर काम करतात तो इंग्रजी आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा, भाषा संचालनालय १९६० चे. मार्च २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी आवश्यक करणारे विधेयकही विधिमंडळाने संमत केले. असे असता ज्या नियमाने माणसाच्या परड्याचे भवितव्य ठरते तो त्याने मध्यस्थाच्या तोंडून ऐकावा, ही स्थिती समर्थनीय नाही. नियम कळत नाही तेथे ‘सगळे होऊन जाईल’ असे सांगणाऱ्याचे फावते.

५

कायदेपंडित म्हणतील की शब्द कोणताही असो, व्याख्या निर्णायक असते. न्यायालयापुरते हे बरोबर आहे. परंतु व्याख्या न्यायाधीश वाचतो. खरेदीदार नाव ऐकतो. व्यवहार नावावर होतो आणि वाद व्याख्येवर. ही दोन टोके जितकी दूर, तितके खटले अधिक.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. महसूल, धारण जमिनी व नगररचना या तिन्ही कायद्यांत विभाजनाच्या कृतीला एकच संज्ञा असावी. ‘पोटहिस्सा’ ही रूढ व हक्कवाचक संज्ञा त्यास योग्य आहे. ‘शेतीचा’ किंवा ‘वस्तीचा’ असे विशेषण लावून हेतुभेद दाखवता येईल. दुसरी, प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जमिनीवर ‘तुकडा’ असा शेरा मारण्याऐवजी तिचे पुढे काय करता येते ते तेथेच एका वाक्यात लिहावे. तिसरी, नियमावलीचा अधिकृत मराठी पाठ सिद्ध व्हावा, आणि तो करताना तलाठी, भूकरमापक व शेतकरी बोलतात ते शब्द आधी टिपून घ्यावेत. शेवटचे काम शासनाच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगे आहे. चिपळूण तालुक्यातील वीस गावांचे बांध, वाटा आणि वहिवाटी यांचे शब्द एका पदव्युत्तर प्रबंधात सहज मावतील. आणि पुढे कोणी या नियमांची दुरुस्ती करायला बसला तर त्याच्या टेबलावर तो प्रबंध असावा.