लंडनचे पहिले दिवस : दोन पाठ

परक्या महानगरांत पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाचे पहिले कांहीं दिवस वाङ्मयदृष्ट्या फार मोलाचे असतात. पुढें नगर परिचयाचें होतें आणि पाहणें थांबतें. असें असूनही आपलीं बरींचशीं विलायतवर्णनें याच ठिकाणीं वाचकाची निराशा करतात. लेखक बोटीवरून उतरतो न उतरतो तोंच सेंट पॉलचा घुमट आणि पार्लमेंटचा मनोरा यांचीं मापें सांगूं लागतो. तो स्वतः कोठें जेवला, कोणापुढें फजीत झाला, खिशांतील पैसे मोजतांना त्याच्या पोटांत कसा गोळा आला, हें शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं.

या दृष्टीनें गांधीजींच्या आत्मचरित्रांतील लंडनप्रवेशाचा भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८८८ च्या सप्टेंबरअखेर ते तेथें पोहोंचले. वयाचीं एकोणीस वर्षें अद्यापि पुरीं व्हावयाचीं होतीं. या वर्णनांत लंडनच्या प्रेक्षणीय इमारतींना मुळीं स्थानच नाहीं. आहे तो पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख. तसले कपडे घातलेला दुसरा एकहि इसम दिसत नाहीं. सामान एजंटाच्या हवालीं केलेलें, आणि दुसरा दिवस रविवार, म्हणजे तें मिळावयाचें नाहीं. नगराचें परकेपण घुमटाच्या उंचीपेक्षां या रविवारानें अधिक जाणवतें. संध्याकाळीं डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलांत भेटावयास येतात. त्यांची उंच टोपी हा तरुण सहज उचलतो आणि तिच्या मऊ लवेवरून उलटा हात फिरवितो. लव विसकटते, मेहता किंचित् रागानें पाहतात, आणि विलायती शिष्टाचाराचे पाठ सुरू होतात : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावूं नये, नव्या ओळखींत प्रश्न विचारूं नयेत, मोठ्यानें बोलूं नये. आपल्या घरीं जें आपुलकीचें लक्षण, तेंच येथें असभ्यपणाचें ठरतें, हें एवढ्या एका टोपीनें कळून जातें. हॉटेल सोडतांना तीन पौंडांचें बिल हातीं येतें. आणि खाल्लें काय, तर बहुतांशीं मुंबईहून नेलेलीच शिदोरी!

पण या भागाचा खरा जीव पुढील आठवड्यांतील भुकेंत आहे. मद्य, मांस व परस्त्री वर्ज्य करण्याची आईजवळ केलेली प्रतिज्ञा मोडावयाची नाहीं. घरमालकिणीला तर असल्या पाहुण्यास काय वाढावें हेंच उमगत नाहीं. पावाचा आणखी एक तुकडा मागावयाची लाज वाटते. रात्रीं आईच्या आठवणीनें डोळे वाहतात. मग शाकाहारी भोजनगृहाच्या शोधांत रोज दहा-बारा मैलांची पायपीट. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर तें सांपडतें. दाराजवळ कांचेआड मांडलेल्या पुस्तकांतून सॉल्ट यांचें शाकाहाराच्या समर्थनाचें पुस्तक एक शिलिंग देऊन घेतलें जातें, आणि इंग्लंडांत आल्यापासूनचें पहिलें पोटभर जेवण घडतें. लंडन त्यांच्या पायांखालीं आलें तें या पोटाच्या गरजेनें. वाटाड्याचें पुस्तक हातीं धरून फिरणाऱ्याला फॅरिंग्डन स्ट्रीटचें एवढें अप्रूप कोठून असणार?

तथापि एक गोष्ट खटकते. हें आत्मचरित्र 'नवजीवन'मधून १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध झालें, म्हणजे लंडनप्रवेशानंतर सदतीस वर्षांनीं. पण त्याच दिवसांची दुसरी एक हकीकत उपलब्ध आहे. १२ नोव्हेंबर १८८८ रोजीं गांधीजींनीं लंडनमध्यें इंग्रजींत रोजनिशी लिहावयास घेतली होती. छगनलाल गांधी यांनीं केलेल्या नकलेमुळें तिचीं सुमारें वीस पानें वांचलीं आहेत. भाषा विद्यार्थ्याची, अवघडलेली. तरीपण तींत तेंच हॉटेल आहे आणि त्यांत एक लिफ्ट आहे! दार उघडतें, आपण थोडा वेळ बसावयाची ही खोली असावी असें या मुलाला वाटतें, आणि पाहतो तों आपण दुसऱ्या मजल्यावर! विजेचे दिवे आणि तेथील थाट यांनीं तो अगदीं दिपून गेला आहे.

आत्मचरित्रांतून ही लिफ्ट गळाली. टोपीपासून धडा निघतो, बिलापासून निघतो, भुकेपासून तर निघतोच; लिफ्टपासून कांहीं निघत नाहीं. छपन्न वर्षांच्या लेखकानें एकोणिशींतल्या मुलाच्या गांठोड्यांतून जें पुढें उपयोगी पडलें तेवढेंच वेंचून घेतलें, असें आम्हांस वाटतें. स्वतःच्या आयुष्याकडे प्रयोग म्हणून पाहणाऱ्यास तो अधिकार आहे, हें मान्य. परंतु विस्मय हाहि सत्याचाच भाग नव्हे काय? यंत्रसंस्कृतीवर एवढा कठोर आरोप करणारें 'हिंद स्वराज्य' ज्यानें १९०९ सालीं लिहिलें, तो एके काळीं यंत्राच्या खोलींत उभा राहून आश्चर्यानें थक्क झाला होता, ही त्याच्या चरित्रांतली किरकोळ बाब नाहीं. ती वगळल्यानें पुढचा नकार सोपा वाटूं लागतो; तो तसा सोपा नव्हता, हें या वीस पानांवरून दिसतें.

रोजनिशीचीं हीं पानें गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडांत १९५८ पासून छापील स्वरूपांत आहेत. आत्मचरित्राचा तो भाग वाचून होतांच तीं लगेच वाचावींत. मराठी आवृत्ति काढणारांनीं तीं परिशिष्टांत जोडलीं, तर घरोघरच्या तरुण वाचकांची मोठीच सोय होईल.