बी रुजले म्हणजे वाण झाले?

घरी बीअर बनविणाऱ्या पाश्चात्त्य हौशी मंडळींत हॉपचे बी पेरून 'स्वतःचे वाण' काढण्याचा छंद आहे. त्यावरचे लेखन उत्साही असते, पण एक गफलत त्यात वारंवार आढळते. दाखला बहुधा ब्रूअर्स गोल्डचा. इंग्लंडच्या वाय कॉलेजात अर्नेस्ट सॅमन यांनी १९१६ साली कॅनडातील मॅनिटोबाची रानटी मादी वेल लावली. वाऱ्याने कुठला पराग आणला कोणास ठाऊक, पण १९१८च्या बियांतून हे नामांकित वाण मिळाले! सांगायचे राहते ते असे, की ते प्रसृत झाले १९३४ मध्ये. अमेरिकेतील कॅस्केडचा संकर १९५६चा, वाण लोकांच्या हाती आले १९७२ साली.

अडचण मुळात वनस्पतीतच आहे. पपईप्रमाणे हॉपच्याही नर-मादी वेली वेगळ्या. कडवटपणा आणि सुवास देणारी ल्युप्युलिनची पिवळी पूड मिळते ती मादीच्या शंकूंतून. म्हणजे बापाचे गुण चाखता येत नाहीत, संततीवरून ताडावे लागतात. शिवाय बियांचे प्रत्येक रोप निराळे. (म्हणूनच शेतकरी बी पेरीत नाहीत, खोडाचे तुकडे लावतात.) हौशी माणूस मात्र एकाच वेलीचे शंकू चोळतो, हुंगतो आणि निकाल देतो. शेजारी तुलनेला जुने वाण नसेल, तर तो वास वेलीचा की त्या वर्षीच्या हवामानाचा, हे कळणार कसे?

छंदाला माझा आक्षेप नाही. पण आवडलेल्या वेलीचे तुकडे चार जागी लावा, जवळ कॅस्केड लावा, आणि वास घेणाऱ्याला नाव सांगू नका, एवढी तरी सूचना अशा लेखनात हवी होती.